पळसाला पानें किती?

'पळसाला पानें तीनच' ही म्हण आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? कोठेंही गेलें तरी मनुष्यस्वभाव सारखाच, असें सांगावयाचें झालें म्हणजे घरांतील वडील मंडळी ही म्हण सहज उच्चारितात. म्हणीच्या भावार्थाविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तिच्यांतील हिशेब तपासून पाहिला तर तो जुळत नाहीं. पळसाच्या एका देंठावर जीं तीन हिरवीं पातीं दिसतात तीं तिन्ही मिळून एकच पान होतें. बेलाचीही गोष्ट तशीच.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, "तीन म्हटलें काय आणि एक म्हटलें काय, पळस तो पळसच राहणार, मग हा काथ्याकूट कशासाठीं?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आम्ही या लेखाच्या उत्तरार्धांत देणार आहों, आणि तें वाचल्यावर पान नीट पाहण्याच्या संवयीवर प्रसंगीं लहान मुलाचा जीवही अवलंबून असतो हें पटेल, अशी आमची खात्री आहे. तूर्त एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, पान कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यास पानांचे आकार व त्यांची मांडणी यांविषयीं पुढील एकही गोष्ट बिनचूक सांगतां यावयाची नाहीं.

पान ओळखण्याची खूण

पानाचे मुख्य भाग दोन. एक देंठ व दुसरें पातें. पान फांदीवर ज्या जागीं फुटतें त्या जागेस पेरें म्हणतात, आणि दोन पेऱ्यांमधील फांदीच्या तुकड्यास कांडें म्हणतात. उंसावर हे दोन्ही भाग स्पष्ट दिसतात. आतां जास्वंदीची एक फांदी हातांत घेऊन, देंठ व फांदी यांच्यामधील वरच्या बेचक्यांत बारकाईनें पाहावें. तेथें मोहरीएवढा, किंवा त्याहूनही लहान, असा एक कोंब आढळेल. तोच पुढें वाढून नवी फांदी किंवा फूल होतो. ही पानाची खरी खूण होय. ज्याच्या बगलेंत असा कोंब असतो तें पान. ज्याच्या बगलेंत तो नसतो तो पानाचा एक भाग. या भागास पर्णिका असें नांव आहे.

ही कसोटी पळसास लावून पाहूं. तिन्ही पात्यांचा मिळून जो एक लांब देंठ फांदीस चिकटलेला असतो, त्याच्या बगलेंत कोंब सांपडतो. पण तीं तीन पातीं जेथें देंठास जोडलेलीं असतात तेथें कितीही शोधलें तरी कोंब सांपडत नाहीं. अर्थात् तीं पानें नसून पर्णिका आहेत. कडुनिंबाची जी हिरवी 'डहाळी' आपण सहज तोडतों तिचीही परीक्षा अशीच करावी. तिच्या बारीक करवती कडेच्या एकाही 'पाना'शीं कोंब नाहीं. कोंब आहे तो फक्त त्या डहाळीच्या बुडाशीं. म्हणजे ती सर्व डहाळी हेंच एक पान होय. ज्याचें पातें एकसंध असतें, मग त्याच्या कडा कितीही कातरलेल्या असोत, त्यास साधें पान म्हणतात. आणि ज्याचें पातें पर्णिकांत पूर्णपणें विभागलेलें असतें त्यास संयुक्त पान म्हणतात. आंबा, वड, जास्वंद यांचीं पानें साधीं. पळस, बेल, निंब यांचीं संयुक्त.

संयुक्त पानाच्या दोन प्रमुख तऱ्हा आहेत. पहिलींत मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस पर्णिका असतात व एकंदर आकार पक्ष्याच्या पिसासारखा दिसतो. निंब आणि चिंच हीं याचीं उदाहरणें. कांहीं झाडांत हें विभागणें एवढ्यावर थांबत नाहीं. बाभूळ आणि गुलमोहर यांच्या पानांत मधल्या दांड्यास पुन्हां लहान दांडे फुटून मग त्यांवर पर्णिका येतात; शेवग्याच्या पानांत तर बहुधा हाच प्रकार तीनदां होतो. शेवग्याच्या पाल्याची भाजी निवडतांना आपण ज्या वाटोळ्या चिमुकल्या टिकल्या ओरबाडतों, त्या शेंकड्यांनीं मिळून एक पान होत असतें. दुसऱ्या तऱ्हेंत सर्व पर्णिका देंठाच्या टोंकाशीं एकाच बिंदूपासून, हाताच्या बोटांप्रमाणें, पसरतात. सांवर व निर्गुडी या तऱ्हेच्या होत.

येथें एका झाडाविषयीं सावध केलें पाहिजे. आंवळ्याची नाजूक डहाळी पाहतांच तीही चिंचेप्रमाणें संयुक्त पान असावी असें वाटतें. आणि पानगळींत ती तशीच सबंध गळूनही पडते. परंतु वसंत ऋतूंत त्या डहाळीवरील इवल्याशा पात्यांच्या बगलेंत फुलें येतात! पर्णिकेच्या बगलेंत फूल येत नाहीं. म्हणून आंवळ्याचीं तीं पातीं हींच खरीं पानें होत आणि ती डहाळी खरीच डहाळी आहे. चिंचेच्या पानाशेजारीं आंवळ्याची डहाळी ठेवून पाहिली म्हणजे नुसतें साम्य किती फसवें असतें, आणि लहानशी कसोटी किती उपयोगी पडते, हें कळून येतें.

असेंच दुसरें जोडपें सातवीण आणि सांवर यांचें. सातविणीस सप्तपर्णी असेंही म्हणतात. तिच्या फांदीच्या एकाच पेऱ्याभोंवतीं बहुधा चार ते सात, व क्वचित् अधिक, पानें चक्राकार फुटतात. सांवरीच्या देंठावरही पांच ते सात पातीं चक्राकार दिसतात. लांबून पाहणारास दोन्ही सारखींच. पण सातविणीच्या प्रत्येक पात्यास स्वतःचा देंठ असून तो थेट फांदीस मिळतो, म्हणून तीं सात पानें होत. सांवरीच्या सर्व पात्यांस मिळून एकच लांब देंठ आहे, म्हणून तें सबंध एक पान होय. विद्यार्थ्यांस सातविणीविषयीं आपलेपणा वाटावा असें आणखी एक कारण आहे. तिच्या शास्त्रीय नांवांतील 'स्कोलॅरिस' हा शब्द शाळेवरून आलेला आहे. कारण तिच्या हलक्या लांकडाच्या पाट्या करून मुलें त्यांवर अक्षरें गिरवीत असत.

आकार असे कां?

पानाचें काम काय, हें सर्वांस ठाऊक आहेच. सूर्यप्रकाश, हवेंतील कार्बनवायु आणि मुळांनीं आणलेलें पाणी यांच्या साहाय्यानें तें झाडाचें अन्न तयार करितें. यासाठीं पान रुंद व पातळ असावें, म्हणजे प्रकाश पुष्कळ मिळतो. परंतु रुंद पानास ऊन अधिक लागतें, वारा अधिक झोंबतो व त्यांतून पाणीही अधिक उडून जातें. एका हातानें मिळवावें आणि दुसऱ्या हातानें गमवावें अशी ही स्थिति आहे. निरनिराळ्या झाडांनीं या अडचणींतून काढलेल्या निरनिराळ्या वाटा म्हणजेच पानांचे निरनिराळे आकार होत.

केळीचें पान घ्या. एवढें मोठें पातें, पण त्यांतील शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींस समांतर जातात. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या पानांतील शिरांप्रमाणें त्यांचें जाळें होत नाहीं. त्यामुळें जोराचा वारा सुटला म्हणजे केळीचें पान शिरांच्या ओळीनें फाटून त्याच्या पट्ट्या होतात. वारा त्या पट्ट्यांमधून निघून जातो आणि झाडावरील भार हलका होतो. प्रत्येक पट्टींत तिच्या शिरा शाबूत असतात, म्हणून पान फाटलें तरी आपलें काम करीतच राहतें. जेवणाच्या पंक्तीस फाटकें पान आलें तर आपण नाक मुरडतों. केळीस मात्र त्या फाटण्याचा आधार आहे.

पिंपळाचें पान हृदयाकृति असून त्याचें टोंक शेपटीसारखें लांब निघालेलें असतें. पावसाचें पाणी या टोंकावरून झरझर निथळून जातें व पातें लवकर कोरडें होतें. पुष्कळ पाऊस पडणाऱ्या अरण्यांतील अनेक झाडांस अशीं टोंकें असतात. पिंपळाचा देंठ लांब व बारीक असल्यामुळें थोड्याशा झुळकीनेंही पानें हलतात. पिंपळाची सळसळ ती हीच. अळवाच्या पानाची रचना आणखी वेगळी. त्याचा देंठ पात्याच्या कडेस न मिळतां खालच्या अंगानें पात्याच्या आंतल्या भागास मिळतो, व पान ढालीसारखें तोललेलें राहतें. त्या पानावर पाणी ठरत नाहीं. क्षणभंगुर गोष्टीस आपण 'अळवावरचें पाणी' म्हणतों. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारे बारीक उंचवटे असून त्यांवर मेणासारख्या द्रव्याचे कण असतात. त्यांमुळें थेंब पानास न चिकटतां गोल होऊन घरंगळतो आणि जातां जातां धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानावरील याच गुणाचें सविस्तर वर्णन बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या पूर्वजांनीं मात्र ती गोष्ट पाहून तिची म्हण करून ठेविली होती.

उन्हाचा कडाका जेथें अधिक तेथें पानें लहान होत जातात. बाभळीच्या बारीक पर्णिकांमधून वारा सहज खेळतो व त्यांतील उष्णता लवकर निघून जाते. मोठें पातें तसें लवकर निवत नाहीं. साग मोठ्या पानांचा खरा, पण कोरड्या ऋतूंत तो तीं टाकून मोकळा होतो. पानाच्या मोठेपणाचें कारण केवळ दिवसाचें ऊन इतकेंच मात्र नाहीं. इयन राइट व त्यांचे सहकारी यांनीं जगभरांतील ७,६७० वनस्पतींच्या पानांची तुलना करून २०१७ सालीं असें दाखविलें कीं, जगाच्या पुष्कळ भागांत दिवसाच्या तापण्यापेक्षां रात्रींच्या गारठ्याची भीतीच पानाच्या आकारमानास अधिक मर्यादा घालते. मोठें पान रात्रीं सभोंवतालच्या हवेपेक्षां अधिक थंड होतें व गारठ्यानें त्यास इजा होऊं शकते.

कांहीं वनस्पतींनीं तर पात्यास रजाच दिली आहे. फड्या निवडुंगाचे कांटे हीं त्याचीं रूपांतर पावलेलीं पानें असून अन्न करण्याचें काम त्याच्या हिरव्या जाड खोडानें पत्करलें आहे. रस्त्यांच्या कडेस व ओसाड जागीं सरकारी लागवडींत जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली आढळते, तिचीं कोयत्यासारखीं 'पानें' म्हणजे वस्तुतः चपटे झालेले देंठ होत. याचा पुरावा हवा असेल तर तिचें बीं कुंडींत पेरावें. रोपास पहिलीं पानें बाभळीसारखीं, बारीक पर्णिकांचीं येतात. मग पर्णिका नाहींशा होत जातात, देंठ रुंद होत जातो, आणि कांहीं दिवसांनीं नुसता देंठच उरतो. झाडाचें कुळ कोणतें हें त्याच्या बालपणीं उघड होतें.

मांडणीचा हिशेब

आतां पानें फांदीवर कशीं मांडलेलीं असतात तें पाहूं. येथें तीन तऱ्हा आहेत. एका पेऱ्यावर दोन पानें असलीं तर तीं समोरासमोर असतात. रुई, तुळस, साग यांत असें आढळतें. आणि यांत एक जोडी पूर्वपश्चिम असली तर तिच्या वरची जोडी दक्षिणोत्तर येते, म्हणून वरून पाहिलें असतां चौफुली दिसते. वरच्या जोडीची सांवली खालच्या जोडीवर त्यामुळें कमी पडते. पेरूचीं पानेंही समोरासमोरच. परंतु त्याच्या आडव्या फांदीवर सर्व जोड्या एकाच पातळींत आलेल्या दिसतात, कारण फांदीस व देंठांस पीळ पडून पातीं उजेडाकडे वळलेलीं असतात. एका पेऱ्यावर तीन किंवा अधिक पानें असलीं तर चक्र होतें. सातविणीचें उदाहरण वर आलेंच आहे. कण्हेरीस बहुधा तीन तीन पानांचीं चक्रें असतात, व प्रत्येक चक्रांतील पानें खालच्या चक्रांतील फटींवर येतात.

तिसरी तऱ्हा सर्वांत अधिक आढळणारी व सर्वांत मौजेची आहे. तींत एका पेऱ्यावर एकच पान असतें. हीं पानें वाटेल तशीं विखुरलेलीं आहेत असें प्रथम वाटतें, पण तसें नाहीं. जास्वंदीच्या सरळ वाढलेल्या फांदीच्या एका देंठाशीं दोरा बांधावा व तो फांदीभोंवतीं गुंडाळीत वरच्या प्रत्येक पानाच्या देंठास लावीत जावा. पहिल्या पानाच्या बरोबर वर येणारें पान सहावें असतें, आणि तेथपर्यंत जातांना दोऱ्याचे फांदीभोंवतीं दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत पांच पानें. हें २/५ या अपूर्णांकानें दाखवितात. गवतांत तिसरें पान पहिल्याच्या वर येतें, म्हणून १/२. लव्हाळ्यांत चौथें, म्हणून १/३. पपईंत नववें पान पहिल्याच्या वर येतें व तेथपर्यंत तीन फेरे होतात, म्हणून ३/८.

आतां हे अपूर्णांक ओळीनें लिहावे: १/२, १/३, २/५, ३/८. पहिल्या दोहोंचे अंश मिळविले असतां तिसऱ्याचा अंश होतो, आणि छेद मिळविले असतां तिसऱ्याचा छेद होतो. दुसऱ्या व तिसऱ्यापासून चौथाही तसाच निघतो. याच नियमानें पुढचा ५/१३, व तोही कित्येक वनस्पतींत आढळतो. ज्या संख्यांत प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते, त्या युरोपांत फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध आहेत. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. परंतु त्यापूर्वींच, ११५० च्या सुमारास, गुजराथेंतील जैन आचार्य हेमचंद्र यांनीं छंदःशास्त्राचा विचार करितांना, लघुगुरु मात्रांच्या किती रचना होऊं शकतात हें मोजण्यासाठीं याच संख्या सांगितल्या होत्या. वृत्तांतील मात्रा आणि जास्वंदीचीं पानें यांचा हिशेब एकाच वहींत सांपडावा, हें आश्चर्य नव्हे काय?

सहावें पान पहिल्याच्या वर येतें ही गोष्ट प्रसिद्ध चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची याच्याही ध्यानांत आली होती. जिनीव्हाच्या शार्ल बॉने यानें १७५४ सालीं पानांवर ग्रंथ लिहून या मांडणीचें वर्णन केलें. पण असें कां होतें? झाड तर गणित शिकलेलें नाहीं. या प्रश्नाच्या उत्तराची दिशा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यानें १८६८ सालीं दाखविली. फांदीच्या अगदीं शेंड्याशीं नवें पान उत्पन्न होतें तें आधींच्या पानांमध्यें जेथें सर्वांत अधिक मोकळी जागा असेल तेथें, असा त्याचा नियम होता. १९९२ सालीं दुआदी आणि कूदे या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वनस्पतीवांचूनच हा नियम पडताळून पाहिला. तेलाच्या थाळींत चुंबकीय द्रवाचे थेंब ठराविक अंतरानें सोडले. थेंब एकमेकांस दूर लोटीत असल्यामुळें ते आपोआप अशाच वळणांत बसले, आणि लागोपाठच्या दोन थेंबांमधील कोन सुमारें १३७.५ अंशांवर आला. वनस्पतींतही लागोपाठच्या दोन पानांमध्यें बहुधा हाच कोन असतो. पुढें २००३ सालीं असें दिसून आलें कीं, ऑक्झिन नांवाचें वाढीचें द्रव्य कोंवळीं पानें आपल्याकडे ओढून घेतात; त्यामुळें त्यांच्या लगत नवें पान उगवत नाहीं व जेथें तें द्रव्य पुरेसें सांचतें तेथेंच पुढील पान उगवतें.

याचा परिणाम झाडाच्या हिताचाच होतो. एकावर एक बरोबर पानें न आल्यानें प्रत्येकास उजेडाचा वांटा मिळतो. जेथें मांडणी पुरी पडत नाहीं तेथें देंठ साहाय्य करितात. खोकली ऊर्फ कुप्पी नांवाचें लहानसें रोप पावसाळ्यांत घराच्या कुंपणाशीं पुष्कळ उगवतें. तें वरून पाहावें. खालच्या पानांचे देंठ लांब व वरच्यांचे क्रमाक्रमानें आंखूड असल्यामुळें सर्व पातीं फरशीच्या तुकड्यांप्रमाणें शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात.

हें सर्व कशासाठीं?

आतां आरंभीं घेतलेल्या प्रश्नाकडे वळूं. पळसाचीं पानें तीन म्हटलीं तर पळसाचें कांहीं बिघडत नाहीं. पण पान न पाहणाऱ्या मनुष्याचें पुष्कळ बिघडूं शकतें.

पहिल्या पावसानंतर रानोमाळ टाकळा उगवतो व त्याच्या कोंवळ्या पाल्याची भाजी गरीब श्रीमंत सर्वच आवडीनें खातात. त्याच्याच आसपास, त्याच हंगामांत, त्याचाच भाऊबंद कासविंदा उगवतो. दोघांचीं फुलें पिवळीं, दोघांचीं पानें पिसासारखीं संयुक्त. परंतु कासविंद्याचीं बियाणीं विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशांत कित्येक वर्षें पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत खेड्यांतील लहान मुलें एकाएकीं बेशुद्ध होत व त्यांपैकीं बहुतेक थोड्याच दिवसांत दगावत. प्रथम हा मेंदूचा साथीचा ताप असावा असें समजलें गेलें. पुढें डॉक्टरांनीं कसून चौकशी केली तेव्हां मुलांनीं कासविंद्याच्या शेंगांतील दाणे खाल्ल्याचें आढळून आलें, व हा निष्कर्ष २००७ सालीं बालरोगतज्ज्ञांच्या एका भारतीय मासिकांत प्रसिद्ध झाला. ज्या रोपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतें त्यानें इतकीं घरें सुनीं केलीं.

या दोहोंतील भेद पानावर स्पष्ट लिहिलेला आहे. टाकळ्याच्या एका पानास बहुधा पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात, व प्रत्येक पर्णिका टोंकाकडे रुंद व वाटोळी असते. कासविंद्याच्या पानास बहुधा चार पांच जोड्या असतात व त्याच्या पर्णिका टोंकाशीं निमुळत्या व अणकुचीदार असतात. टाकळ्याच्या पानांत खालच्या जोडीच्या मधोमध बारीक ग्रंथि दिसते. कासविंद्याची ग्रंथि देंठाच्या बुडाशीं असते. एक पान कोणतें हें ज्यास ठाऊक नाहीं, तो जोड्या कशाच्या मोजणार? तथापि केवळ एखादा लेख वाचून रानांतील पाला कोणीही खाऊं नये. जाणत्या माणसास तो दाखवून मगच घरीं आणावा.

कडुनिंबाची गोष्टही अशीच आहे. पाडव्यास त्याचा पाला गुळाबरोबर खाण्याची चाल सर्वत्र आहे. बकाण निंब हें झाड त्याच्यासारखेंच दिसतें. त्याचीं फळें मात्र मनुष्यास विषारी असतात. कडुनिंबाचें पान एकदांच विभागलेलें असतें, तर बकाणाच्या पानांत मधल्या दांड्यास पुन्हां दांडे फुटून त्यांवर पर्णिका येतात. क्षणभर थांबून पाहिलें तर हा भेद लहान मुलासही ओळखतां येईल.

दसऱ्याच्या दिवशीं मनुष्याच्या जिवास धोका नसतो. तो असतो झाडांस. त्या दिवशीं सोनें म्हणून आपट्याचीं पानें वाटावयाचीं, आणि तीं न मिळालीं म्हणजे कांचनाच्या फांद्या ओरबाडून त्याच आपटा म्हणून बाजारांत विकावयाच्या, असें दरवर्षीं घडतें. दोहोंचीं पानें मध्यें दुभंगलेलीं, उंटाच्या पावलासारखीं. पण आपट्याचें पान लहान, जाड, आणि लांबीपेक्षां रुंदीला अधिक असतें; कांचनाचें पान मोठें, तळहाताएवढें असतें. या कुळास 'बाउहिनिया' हें नांव बाउहिन आडनांवाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंवरून मिळालें आहे. एकाच पानाचे दोन सारखे भाग, तसेच ते एका घरचे दोन भाऊ. त्यांपैकीं कास्पार यानें १६२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुमारें ६,००० वनस्पतींची नांवनिशी होती. सहा हजार वनस्पती ओळखणाऱ्या विद्वानाच्या नांवाचें पान आपण दरवर्षीं एकमेकांस देतों. त्या दोन झाडांतील भेद आपणांस ओळखतां येऊं नये, ही खेदाची गोष्ट होय. फांद्याच्या फांद्या तोडून आणण्यापेक्षां एकच पान घ्यावें, तें नीट पाहावें, आणि कुंपणाशीं आपट्याचें एक रोप लावावें, हें सोनें लुटण्याहून अधिक शोभेल.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठीं सूक्ष्मदर्शक यंत्र नको कीं जाड ग्रंथ नकोत. एक जुनी वही, थोडा दोरा आणि दोन डोळे एवढें पुरे. दर आठवड्यास एका झाडाचें गळून पडलेलें एक सबंध पान वहींत दाबून ठेवावें, व त्याखालीं चार गोष्टी लिहाव्या: पान साधें कीं संयुक्त, कड व टोंक कसें, शिरा जाळीच्या कीं समांतर, आणि फांदीवरील मांडणी कोणती. वर्षअखेर पन्नास झाडांशीं तुमची ओळख झालेली असेल, आणि ती नांवापुरती नसेल. मग कोणी 'पळसाला पानें तीनच' असें म्हणालें तर म्हणीचा मान राखून हंसावें, आणि मनांत म्हणावें, "पर्णिका तीन, पान एकच."